चित्र हेलन टॉरचं छापा : दिवाळी अंकांच्या संपादकांना खुले पत्र

माननीय संपादक मंडळी,

सा. न. वि. वि.

गेल्या दिवाळीत आपल्यापैकी एका अंकात माझा लेख आला. कुठल्या ते सांगत नाही. त्या अंकाशी मला भांडण काढायचं नाही, आणि खरं म्हणजे तो लेख दुसऱ्या कुठल्याही अंकात गेला असता तरी त्याचं तेच झालं असतं. अंक लाँग आयलंडला माझ्या हाती पडेपर्यंत नाताळ उलटून गेला होता. पाकीट फाडलं, अनुक्रमणिकेत स्वतःचं नाव शोधलं (या वयातही शोधते), पान उघडलं आणि स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. लेखाला मी नाव दिलं होतं 'तांब्यावरची पानं'. छापलं होतं 'सावली'. लेख हेलन टॉर या अमेरिकन चित्रकर्तीवर होता. समोरच्या पानावर, पानभर, झकास रंगीत छपाईत एक चित्र होतं. ते आर्थर डव्हचं होतं. तिच्या नवऱ्याचं.

टॉरचं एकही चित्र नव्हतं. तिच्या चित्रांबद्दलचे तीन परिच्छेद जागेअभावी उडाले होते. जे उरलं होतं त्याचा मथितार्थ असा : नवरा थोर चित्रकार, घरात पैशाची चणचण, नवरा आजारी, बायकोनं कुंचला खाली ठेवला आणि शेवटपर्यंत त्याची सेवा केली. शेवटचं वाक्य तर माझं नव्हतंच. 'अशा असंख्य सावल्यांच्या बळावरच कलेचे सूर्य तळपत असतात' अशा धर्तीचं काहीतरी होतं. सावलीच्या बळावर सूर्य कसा तळपतो, हे कुणा भौतिकशास्त्राच्या मास्तरांना विचारायला हवं.

मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ फार सौजन्यानं बोलले. "ताई, नाव कुणाला ठाऊक नाही हो. आणि चित्रं जरा अवघड आहेत. पण गोष्ट फार सुंदर आहे!"

त्या 'गोष्ट सुंदर आहे'पायी हे पत्र लिहिते आहे.

मी चित्रकार नाही, समीक्षकही नाही. माहेर देवगड, सासर पुणे, आणि गेली बावीस वर्षं लाँग आयलंडच्या उत्तर किनाऱ्यावर राहते. हिशेबनीस म्हणून नोकरी केली. हंटिंग्टन गावात एका बागेत हेक्शर म्युझियम नावाचं लहानसं कलासंग्रहालय आहे, १९२० सालचं. एका पावसाळी रविवारी, नातवाला घरात कोंडून किती वेळ ठेवायचं म्हणून त्याला घेऊन तिथे गेले. तिथे भिंतीवर 'ऑयस्टर स्टेक्स' नावाचं एक चित्र होतं. खाली नाव : हेलन टॉर.

ऑयस्टर म्हणजे आपली कालवं. इथल्या उथळ पाण्यात कालवांची शेती असायची आणि ज्याचा त्याचा वाफा ओळखू यावा म्हणून हद्दीवर पाण्यात खुंटे रोवलेले असायचे. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की खाडीत रोवलेला खुंटा कसा दिसतो ते या बाईला ठाऊक आहे. आमच्याकडे ओहोटीला खडकावरची कालवं फोडायला बायका जायच्या, मी आजीबरोबर जायची. भरतीच्या वेळी खुंटा बघितलात तर त्याला खालचा भागच नसतो, पाण्यापाशी तो संपतो आणि पुढे काहीतरी थरथरतं चालू राहतं. ज्यानं हे नुसतं पाहिलंय तो खुंटा आणि प्रतिबिंब अशा दोन गोष्टी रंगवतो. जो त्या पाण्यावर राहिलाय त्याला ती एकच गोष्ट दिसते. नातू म्हणाला, "आजी, हे काय आहे?" मी म्हटलं, "देवगड." चूकच होतं ते. पण ते चित्र मला अवघड अजिबात वाटलं नव्हतं.

आता बाईंची ओळख. हेलन टॉरचा जन्म १८८६ चा, फिलाडेल्फियातला. शिक्षण तिथल्याच ड्रेक्सेल इन्स्टिट्यूटमध्ये आणि पुढे पेनसिल्व्हेनिया अकादमी ऑफ द फाइन आर्ट्समध्ये. म्हणजे डव्ह भेटण्याच्या कितीतरी आधी ती रीतसर शिकलेली चित्रकार होती. नवऱ्याचं बघून हाताला वळण लागलं, असा प्रकार नव्हे. लाल केसांमुळे जवळचे लोक तिला 'रेड्स' म्हणत. पहिलं लग्न क्लाइव्ह वीड या राजकीय व्यंगचित्रकाराशी. कनेटिकटमधल्या वेस्टपोर्ट गावी आर्थर डव्हची ओळख झाली. तोही विवाहित, एका मुलाचा बाप. मासिकांना चित्रं काढून देऊन पोट भरणारा आणि मधल्या काळात कोंबड्या पाळून पाहिलेला. १९२१ मध्ये दोघांनी आपापले संसार सोडले आणि एकत्र राहायला लागले. घरात नाही, पाण्यावर. थोड्याच दिवसांत त्यांनी 'मोना' नावाची बेचाळीस फुटी, दोन डोलकाठ्यांची शिडाची बोट घेतली आणि जवळजवळ सात वर्षं त्या बोटीत काढली. हंटिंग्टन बंदरातल्या हेलसाइटला ती नांगरलेली असायची.

डव्हच्या बायकोनं घटस्फोट दिला नाही. ती १९२९ मध्ये वारली. टॉर आणि डव्ह यांचं लग्न झालं १९३२ साली. म्हणजे अकरा वर्षं बिनलग्नाची, त्यातली बरीचशी बेचाळीस फुटांच्या लाकडी बोटीत. लाँग आयलंडची थंडी मी ओळखते. जानेवारीत माझ्या गाडीचं दार बर्फानं चिकटून बसतं. तिथे पाण्यावर, फळ्यांच्या भिंतीआड, शेकोटीपुरती ऊब.

हा परिच्छेदही माझ्या लेखातून गेला होता. कारण विचारलं नाही, पण अंदाज आहे. नवऱ्याला सोडून दुसऱ्या बाईच्या नवऱ्याबरोबर बोटीत राहायला जाणारी बाई त्यागमूर्तीच्या चौकटीत बसत नाही. चौकट कापता येत नाही, म्हणून बाई कापली.

आपल्या भाषेत ही चौकट तयारच असते. कुणाही मोठ्या माणसाच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात बघा : 'सावलीसारख्या पाठीशी उभ्या राहिल्या', 'संसाराचा गाडा एकहाती ओढला', 'स्वतःच्या आवडीनिवडींना मुरड घातली'. मुरड घातली म्हणतो, पण ज्याला मुरड घातली ते काय होतं हे कधीच सांगत नाही. ती गात होती का? काय गात होती? कुठला राग बरा गायची? तेवढी ओळ कुणी लिहीत नाही, कारण ती लिहिली की नुकसान किती झालं ते मोजावं लागेल, आणि गौरवग्रंथात नुकसान मोजायची पद्धत नाही. मी हिशेबनीस. मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही.

तर मोजू या.

'पर्पल अँड ग्रीन लीव्ह्ज', १९२७. आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. उंची साधारण वीस इंच, रुंदी पंधरा. तैलरंगातलं आहे, पण कॅनव्हासवर नाही, तांब्याच्या पत्र्यावर. माझ्या लेखाचं नाव याच्यावरून घेतलं होतं. तांब्यावर तैलरंग लावण्याची रीत युरोपात चारेकशे वर्षांपूर्वी लहान चित्रांसाठी वापरत. कॅनव्हास तेल पितो, त्याला विणीचा खडबडीतपणा असतो. तांबं काही पीत नाही. रंग वरच्या वर राहतो, गुळगुळीत पसरतो, आणि खालचा धातू त्याला आतून एक ऊब देतो. (घरातल्या तांब्याच्या कळशीवर हळदीचं बोट ओढून पाहा. भिंतीवर ओढलेल्या हळदीपेक्षा ते वेगळं दिसतं.) १९२७ मधल्या एका आधुनिक चित्रकर्तीनं ही जुनी रीत उचलली आणि तिच्यावर काढली पानं. जांभळी, हिरवी, एकामागे एक उभी. झाड नाही, कुंडी नाही, पार्श्वभूमीला खिडकी नाही. पान एवढं जवळ येतं की आता ते पान राहतं की नुसता आकार होतो, असा प्रश्न पडायला लागतो, आणि नेमकी तिथेच ती थांबते. पुरतं अमूर्त होऊ देत नाही. या थांबण्याला मी तिची सही म्हणते.

त्याच १९२७ मध्ये डव्ह काय करत होता? जॉर्ज गर्श्विन या अमेरिकन संगीतकाराच्या संगीतावर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर रंगवत होता, आणि त्यात त्यानं घड्याळाची स्प्रिंग बसवली होती. म्हणजे एकाच वर्षी, एकाच जोडप्यात, दोघंही धातूवर रंगवताहेत. तो आवाजी, गमत्या, हाताशी येईल ते चिकटवणारा. तिथल्याच बंदरातल्या एका शेजाऱ्याचं व्यक्तिचित्र करताना चौकटीला त्यानं सुताराची घडीची फूटपट्टी लावली होती! ती मात्र कमी बोलणारी. धातूची चमक रंगाखाली दाबून टाकणारी. आता कुणी कुणाचं बघून केलं? मी वाचलेल्या बहुतेक ठिकाणी गृहीत असं की टॉरनं डव्हकडून घेतलं. बोटीत दोन माणसं, एक दिवा, एकाच डब्यातले ब्रश. तिथे वस्तू एकाच दिशेनं सरकतात असं मानायला आधार काय?

दुसरं उदाहरण घ्या. डव्हचं 'फॉग हॉर्न्स', १९२९ चं, फार गाजलेलं. धुक्यात जहाजांना इशारा देणाऱ्या भोंग्याचा आवाज त्यात रंगवलाय. गोलात गोल, आत गडद, बाहेर फिकट होत जाणारे. टॉरचं 'ईव्हनिंग साउंड्स', म्हणजे 'संध्याकाळचे आवाज', त्याच सुमाराचं, बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. त्याचं नेमकं वर्ष ठरलेलं नाही, १९२५ ते १९३० असं देतात. आवाज डोळ्यांना दिसावा ही धडपड दोघांचीही. डव्हच्या चित्राचं वर्ष ठरलेलं, तिच्या चित्राचं सैल. तारीख घट्ट असली की तो माणूस 'पहिला' ठरतो. आमच्या ऑफिसात ज्याच्या बिलावर तारीख नसे त्याचे पैसे मागे पडत, तसंच हे.

नाहीतर बघा, मीही डव्हवर घसरलेच. तो माणूस आहेच तसा, वाईट मुळीच नव्हता. १९१०-११ च्या सुमारास त्यानं केलेली चित्रं अमेरिकन चित्रकारांनी केलेल्या अगदी पहिल्या अमूर्त चित्रांत मोजतात, आणि ते खरंही आहे. तो तिच्या चित्रांना नावाजायचा. तिचा पाय ओढणारा नवरा, असा खलनायक मला इथे उभा करायचा नाही. तीही एक तयार चौकटच आहे, आणि आजकाल तिला मागणी जास्त आहे.

अडचण बाजारात होती. आल्फ्रेड स्टीग्लिट्झ हा छायाचित्रकार, आणि न्यूयॉर्कमध्ये आधुनिक चित्रकलेचं दुकान चालवणारा सर्वांत वजनदार माणूस. (दुकान म्हटलेलं त्याला आवडलं नसतं.) डव्ह त्याचा लाडका. दरवर्षाच्या आसपास त्याचं प्रदर्शन व्हायचं. टॉरचं स्वतंत्र प्रदर्शन स्टीग्लिट्झनं कधीही भरवलं नाही. १९२७ मध्ये जॉर्जिया ओकीफ या चित्रकर्तीनं ऑपॉर्च्युनिटी गॅलरीत एक सामूहिक प्रदर्शन जुळवलं, त्यात तिची चित्रं घेतली. मग १९३३ मध्ये स्टीग्लिट्झच्या 'ॲन अमेरिकन प्लेस' या गॅलरीत डव्हच्या बरोबरीनं तिची काही चित्रं लागली. संपलं. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात दोन वेळा. ओकीफबद्दल आपल्या अंकांतून इतकं छापून येतं, तिची मोठाली फुलं मुखपृष्ठावर येतात, म्हणून मुद्दाम सांगते : जिची चित्रं आपल्याला मुखपृष्ठाच्या लायकीची वाटतात, तिला टॉरची चित्रं भिंतीवर लावण्याच्या लायकीची वाटली होती.

बोटीतून उतरल्यावर ही दोघं हेलसाइटच्या एका यॉट क्लबाची राखणदारी करत. पगार नाही, राहायला जागा. १९३० पासून डंकन फिलिप्स हा संग्राहक डव्हला महिन्याला पन्नास डॉलर देऊ लागला, बदल्यात त्याची चित्रं. १९३३ मध्ये डव्हच्या आईच्या मृत्यूनंतर न्यूयॉर्क राज्यातल्याच जिनिव्हा गावी त्याच्या घरच्या मालमत्तेचा घोळ निस्तरायला दोघं गेली आणि पाच वर्षं अडकली. शेवटी शेवटी तिथल्या डव्ह घराण्याच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहिली. पूर्वी तिथे चाकांचे बूट घालून घसरायचा हॉल होता. बोटीतून थेट घसरगुंडीच्या हॉलात!

जिनिव्हाच्या त्या वर्षांत, १९३५ मध्ये, तिनं स्वतःचं एक चित्र काढलं. नाव दिलं 'आय'. इंग्रजीत एक अक्षर, मराठीतही एकच : 'मी'. त्या काळच्या चित्रकारांनी आपल्या आत्मचित्रांना 'आत्मचित्र' किंवा 'टोपी घातलेला चित्रकार' अशी नावं दिलेली मला पुष्कळ माहीत आहेत. 'मी' असं नाव देणारी बाई स्वतःला सावली समजत असेल, असं मला तरी वाटत नाही. तुमच्या अंकात छापायचं होतं ते हे चित्र. त्याच्याखाली 'सावली' हे शीर्षक देऊन दाखवा बघू.

आता माझी अवघड बाजू. ती लपवली तर मीही तुमच्यासारखीच कात्री चालवली असं होईल.

तिनं रंगवणं सोडलं हे खरं आहे. १९३८ मध्ये दोघं लाँग आयलंडला परतली आणि सेंटरपोर्टच्या टायटस मिल तळ्याच्या काठी एक बंद पडलेलं पोस्ट ऑफिस त्यांनी ९८० डॉलरना घेतलं. लगोलग डव्हला न्यूमोनिया झाला. पाठोपाठ हृदयाचा झटका, मूत्रपिंडाचा विकार. पुढची आठ वर्षं तो अर्धा अंथरुणावरच होता, आणि त्या अवस्थेत त्यानं आयुष्यातली काही उत्तम चित्रं केली. त्या वर्षांतली टॉरची चित्रं शोधायला गेलं तर हाताला जवळजवळ काही लागत नाही. नोव्हेंबर १९४६ मध्ये डव्ह गेला. ती १९६७ मध्ये गेली. मधली एकवीस वर्षं तिनं चित्र काढलं नाही. तिचा रंगवण्याचा मुख्य काळच मुळात पंधरा वर्षांचा असेल-नसेल. म्हणजे न रंगवण्याचा काळ रंगवण्याच्या काळाहून मोठा.

हे मोजल्यावर मला गोष्ट सुंदर वाटत नाही. राग येतो, आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही. त्याच्यावर काढता येत नाही, तो आजारी होता. तिच्यावर तर मुळीच नाही. बाजारावर काढावा तर बाजाराला तोंड नसतं. तुमच्या फोनवरच्या गृहस्थांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तेच तर, किती मोठा त्याग!" त्याग म्हटलं की रागाचा प्रश्नच मिटतो. आरती ओवाळली की झालं. माझी तक्रार एवढीच आहे की हा शब्द तुम्ही फार लवकर वापरता.

मी सेंटरपोर्टला ते घर बघायला गेले होते. फेब्रुवारी होता. हेक्शर म्युझियमनं ते १९९८ मध्ये ताब्यात घेतलं. आत जायला मिळालं नाही, रस्त्यावरूनच पाहिलं. पत्र्याच्या जुन्या डब्यासारखं, एवढंसं. आपल्याकडे खाडीकाठी जकातीची चौकी असायची तेवढं. एका माणसाच्या खाटेनं, औषधांनी आणि कॅनव्हासांनी भरल्यावर दुसऱ्या माणसानं तिथे टेबल कुठे मांडायचं? 'कुंचला खाली ठेवला' हे वाचायला छान वाटतं. प्रत्यक्षात कुंचला ठेवायलाही जागा नव्हती, असं त्या घरासमोर उभं राहिल्यावर मला वाटलं. तळ्यावर अर्धा बर्फ होता, अर्धं पाणी. दोन बदकं त्या रेषेवर चालत होती. मी दहा मिनिटांत गाडीत येऊन बसले, ती मात्र या घरात आली तेव्हा एक्कावन्न-बावन्नची होती.

दुसरी अडचण याहून बिकट. जाण्यापूर्वी तिनं बहिणीला सांगून ठेवलं होतं की माझी चित्रं नष्ट करून टाक. बहिणीनं ऐकलं नाही. चित्रं हंटिंग्टनच्या संग्रहालयाकडे गेली आणि १९७२ मध्ये तिथे तिचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. ती जाऊन पाच वर्षं झाली होती.

मग आपण हे जे बघतो, ते बघण्याचा आपल्याला हक्क आहे का? मी यावर पुष्कळ रात्री घालवल्या आहेत. माझ्या आजीनं कालवांची कालवणं, तिच्या गोधड्या, तिच्या ओव्या यांतलं काहीच कुणी ठेवावं असं कधी म्हटलं नाही. 'मेल्यांनो, कचरा तो' म्हणायची. ती खरंच कचरा समजत होती, की दुसरं कुणी काही समजत नव्हतं म्हणून तसं म्हणत होती? टॉरनं सांगितलं तेव्हा तिला स्वतःची चित्रं वाईट वाटत होती, की ती कुणीतरी बघेल ही आशा धरून बसण्याचा कंटाळा आला होता? बहिणीला काय वाटलं माहीत नाही, पण तिनं काडी ओढली नाही. मृताची इच्छा मोडणं हे पाप आहे असं मी लहानपणापासून ऐकलंय. या एका पापाबद्दल मी त्या बाईंची ऋणी आहे, आणि तरीही ते चित्र बघताना प्रत्येक वेळी थोडं चोरून बघितल्यासारखं वाटतं.

एक गंमत मात्र राहिलीच. हे संग्रहालय ज्या बागेत आहे ती हेक्शर पार्क. १९३२ मध्ये, म्हणजे लग्न झालं त्या वर्षी, टॉरनं त्याच बागेचं चित्र काढलेलं आहे. तेव्हा तिची चित्रं घ्यायला तिथलं काय, कुठलंच संग्रहालय बसलेलं नव्हतं.

आणखी एक. २००३ मध्ये त्याच संग्रहालयात तिचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ होता 'सावलीबाहेर'. भल्या हेतूनं दिलेलं नाव. पण म्हणजे सावली तिथेही आलीच! त्यामुळे हा दोष काही एकट्या मराठी संपादकांचा नाही, हेही नोंदवते.

आता कामाचं बोलते. फोनवरच्या गृहस्थांनी शेवटी एक तिसरं कारण दिलं होतं, आणि ते मला पटलं. हक्कांचं. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. डव्ह १९४६ चा, त्याचे हक्क २००६ संपताना संपले. म्हणून त्याचं चित्र फुकट पानभर छापता आलं. टॉर १९६७ ची, तिचे २०२७ अखेरपर्यंत आहेत. म्हणजे नवऱ्याच्या आधी मरायला हवं होतं, तर तुमच्या अंकात तिचं चित्र आलं असतं! असो. तर परवानगी मागायला हवी. संग्रहालयांना पत्र लिहावं लागतं, अर्ज भरावा लागतो, थोडे पैसे लागतात. ते मी करते. मला फॉर्म भरायला आवडतात.

तिच्या आणि डव्हच्या रोजनिशा आणि कागदपत्रं स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालय-संस्थेच्या अमेरिकन कला अभिलेखागारानं संगणकावर सर्वांना खुली केली आहेत. बोटीवरच्या दिवसांपासूनची ती रोजनिशी मुख्यतः तिच्या हातची आहे. वारा कुठून, थंडी किती, काय शिजलं, कोण आलं, त्यानं काय रंगवलं. आणि अधूनमधून, फार गाजावाजा न करता, तिनं काय रंगवलं. आपल्या एखाद्या उपसंपादकानं एक दुपार त्यात घालवली तर पुढचा लेख माझ्याकडून मागायचीही गरज नाही.

पण मागितलात तर तयार आहे. अठराशे शब्द, तीन चित्रं : 'पर्पल अँड ग्रीन लीव्ह्ज', 'ऑयस्टर स्टेक्स' आणि 'आय'. तिन्ही टॉरची. डव्हचं नाव लेखात चार वेळा येतं, जागा कमी पडली तर त्यातली दोन काढा. आणि शीर्षक बदलायचं मनात आलं तर आधी मला फोन करा. इथे रात्रीचे तीन वाजले असले तरी उचलीन.

आपली नम्र,
देवगडची एक माहेरवाशीण
लाँग आयलंड, न्यूयॉर्क